कऱ्हेकाठची राख

आमच्या भागात राख म्हटलं की माणसाला आधी साखर कारखाना आठवतो. गळीत हंगामात चिमणीतून उडालेली बगॅसची काजळी वाळवणावर येऊन पडते, दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर काळे ठिपके उमटतात. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, सासर बारामतीचं, त्यामुळे ही राख मी दोन्हीकडे झटकली आहे. मोरगावजवळ कऱ्हेच्या काठाला पांढुरकी राख आहे आणि ती सुमात्रा बेटावरच्या ज्वालामुखीतून आलेली आहे, असं मी पहिल्यांदा सासऱ्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "सोमेश्वर कारखान्याची नसेल कशावरून?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. राख कुठली आणि कधीची, याच दोन प्रश्नांवर देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी पंचवीस वर्षं वाद घातला आहे. आणि मी त्यावर माहितीपट करायचं ठरवून बसले होते.

माहितीपट मी करते, पण पोट भरतं लग्नांच्या व्हिडिओवर. सराईत लग्नं, साखरपुडे, जमलंच तर एखाद्या सहकारी संस्थेची रौप्यमहोत्सवी फिल्म, आणि उरलेल्या महिन्यांत स्वतःचं काम. 'स्वतंत्र' माहितीपट म्हणजे एवढंच, की तोटा कोणाच्या नावावर टाकायचा हे विचारावं लागत नाही. पुण्यात एका व्याख्यानाला गेले होते, तिथे पडद्यावर भारताचा नकाशा आला आणि त्यावर एका ठिपक्यापुढे मोरगाव लिहिलेलं दिसलं. मोरगाव म्हणजे मयूरेश्वर, अष्टविनायकांतला पहिला. लहानपणापासून शेकडो वेळा गेलेलं गाव. त्या गावाचं नाव मध्य प्रदेशातल्या सोन नदीच्या खोऱ्याशेजारी आणि आंध्रातल्या ज्वालापुरमशेजारी बघून मी घरी आले ती डोक्यात फिल्म घेऊनच.

बारामती तालुका बाहेरच्या माणसाला सगळा हिरवागार वाटतो. तो नीरा डाव्या कालव्याचा भाग. वरचा, सुपे-मोरगावचा पट्टा जिरायती. बाजरी, ज्वारी, मेंढरं, सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातली चिंकारा हरणं, आणि जनाई-शिरसाई उपसा योजनेचं पाणी यंदा येणार की नाही यावरची चर्चा. कऱ्हा पुरंदरच्या डोंगरातून निघते, जेजुरीजवळ नाझरे धरणात अडते, मग मोरगाव, मग बारामती, आणि सोनगावात सोनेश्वराच्या देवळाशी नीरेला मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते. वर्षातला बराच काळ कऱ्हा कोरडीच असते. पण तिने कापलेले काठ उंच आहेत आणि त्या काठांत थर दिसतात: वर काळी माती, खाली पिवळसर गाळ, मध्ये चुनखडीचे खडे, तळाला गोटे-वाळू घट्ट चिकटून दगड झालेला थर.

राख दाखवायला एक निवृत्त भूगोलाचे प्राध्यापक बरोबर आले होते. ते नसते तर मी तिच्यासमोर उभी राहूनही पुढे गेले असते. सलग थर नाहीच. काठात कुठेकुठे पांढुरका-करडा पट्टा दिसतो आणि चार पावलांवर संपतो. सरांनी खुरप्याच्या टोकानं थोडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मऊ, कोरडी, जवळजवळ वजनच नाही. "दाताखाली धरा जरा," ते म्हणाले. धरली. करकरली. ती काच होती. नंतर पुण्यात सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण बघितले: पातळ, पारदर्शक, काही वाकडे तर काही तीन टोकांचे. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे फुटतात तेव्हा त्यांच्या भिंतींचे असे तुकडे होतात. तो फोटो मी फिल्ममध्ये पूर्ण पडदाभर ठेवला आहे आणि त्यावर एक शब्दही बोललेले नाही. सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच संपतं. बगॅस जळून असे कण होत नाहीत, आणि असा कण तयार करणारा ज्वालामुखी आपल्याकडे नाही. सुमात्रातलं टोबा इथून तीन हजार किलोमीटरहून लांब आहे. आज तिथे जवळपास शंभर किलोमीटर लांबीचं सरोवर आहे; ते म्हणजे त्या ज्वालामुखीचं खचलेलं तोंड.

कुठली, हे मिटलं. कधीची, यावर मात्र मिटता मिटेना.

गोष्ट मोरगावात नाही, जुन्नर तालुक्यात सुरू होते. कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुकला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना १९८०च्या दशकात अशीच राख सापडली. राखेच्या संगतीत दगडी हत्यारं होती: हातकुऱ्हाडी, फरशा, म्हणजे अश्युलियन म्हणतात त्या घडणीची अवजारं. दगडी हत्याराचं वय थेट काढणं फार कठीण. ज्वालामुखीच्या राखेचं मात्र काढता येतं, कारण तिच्यातलं पोटॅशियम ठरलेल्या गतीनं अरगॉन वायूत बदलत असतं. त्यामुळे राख हाती लागणं म्हणजे पुरातत्त्वज्ञाच्या हाती घड्याळ लागणं. १९८९ला पहिलं वय छापून आलं: सुमारे १४ लाख वर्षं. भारतातला माणूस एवढा जुना म्हटल्यावर खळबळ होणारच. मोरगावची राख १९९३ साली विश्वास काळे, शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मॅन अँड एन्व्हायर्नमेंट'मध्ये जाहीर केली. १९९५मध्ये शीला मिश्रा, राजगुरू आणि अहमदाबादच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी बोरीचं सुधारित वय दिलं, साधारण पावणेसात लाख. कमी झालं, तरी मोठंच.

त्याच सुमाराला दुसरी बाजू उभी राहिली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे आचार्य आणि बसू यांनी १९९३ला म्हटलं की भारतभर नदीकाठी सापडणारी ही राख एकाच स्फोटाची आहे, टोबाच्या अगदी शेवटच्या महास्फोटाची, म्हणजे फक्त पाऊण लाख वर्षांपूर्वीची. टोबा अनेकदा फुटलेला आहे: एकदा सुमारे आठ लाख वर्षांपूर्वी, एकदा पाच लाखांच्या आसपास, आणि शेवटी पंच्याहत्तर हजारांच्या सुमारास. कुठल्या स्फोटाची राख हे तिच्या रसायनावरून ओळखता येतं. १९९५ आणि १९९८मध्ये टोरोंटोचे जॉन वेस्टगेट, फिल शेन आणि त्यांच्या सोबत्यांनी काचेचं पृथक्करण केलं आणि निकाल दिला: भारतातली सगळी शेवटच्या स्फोटाची. या लेखांवर धारवाडच्या रवी कोरिसेट्टर यांचंही नाव आहे. १९८९च्या चौदा लाखवाल्या लेखावरही त्यांचंच नाव होतं! मला हे फार आवडलं. सहा वर्षांत एका माणसाची सही चौदा लाखांवरून पंच्याहत्तर हजारांवर आली, आणि ती उघडपणे, छापून. आपल्याकडे एवढ्या सहजपणे कोणी पक्षही बदलत नाही. बदलला तर आधीचं भाषण पुसायला धावतो.

वाद इथे थांबला असता तर फिल्म वीस मिनिटांत संपली असती. डेक्कन कॉलेजने मोरगावला उत्खनन केलं आणि ते २००७पर्यंत चाललं. मिश्रा आणि सुषमा देव यांचं म्हणणं असं की आख्खा भूस्तरच जुनाट दिसतो, हत्यारं जुन्या धाटणीची आहेत, गाळ घट्ट झालेला आहे. हे सगळं पाऊण लाखाचं कसं असेल? मग सतीश सांगोडे यांच्याबरोबर त्यांनी अशा गाळांची चुंबकीय दिशा तपासली. पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटं होतं, आणि शेवटचं उलटं पर्व सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी संपलं. गाळात उलटी दिशा मिळाली, म्हणजे गाळ त्याआधीचा. २०११ला ब्रिटनचे रॉब वेस्टअवे आणि डेव्हिड ब्रिजलंड यांच्यासह त्यांनी बोरी आणि मोरगाव दोन्हींची नवी वयं दिली: सात ते आठ लाखांच्या घरातली. आणि २०१४ला वेल्समधल्या निक पिअर्स यांच्या गटाने काचेचा एकेक कण वेगळा तपासून, त्यातल्या अगदी अल्प प्रमाणातल्या मूलद्रव्यांवरून, लेखाच्या मथळ्यातच सांगून टाकलं की भारतातली आतापर्यंत कळलेली सगळी टोबा राख शेवटच्या स्फोटाचीच आहे.

एकाच मुठीतल्या राखेची ही दोन वयं. एक दुसऱ्याच्या दसपट.

हे पडद्यावर कसं दाखवायचं? पहिला विचार कोणालाही येतो तोच मलाही आला: दोन्ही बाजूच्या लोकांना समोरासमोर बसवायचं. टीव्हीवर संध्याकाळी असतं तसं. सुदैवाने तसं करायला कोणी तयार झालं नाही. ज्यांच्याशी बोलले ते सगळे एकमेकांबद्दल अदबीनं बोलत होते, एकमेकांच्या शिष्यांची चौकशी करत होते, आणि तासाभरानं त्यांचा मुद्दा घसरून गोट्यांच्या आकारावर यायचा. मला भांडण हवं होतं असं नाही, पण पडद्याला ताण लागतो. तो माणसांत नव्हता. तो काठाच्या थरात होता आणि हिशेबात होता.

हिशेबाचा भाग मला एका तरुण भूशास्त्रज्ञानं समजावून सांगितला, चहाच्या टपरीवर, बिलाच्या पाठीवर. आपला काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. समजा राखेच्या नमुन्यात शंभरात एक भाग या पाषाणाची पूड मिसळली आणि दोघांत पोटॅशियम सारखं धरलं, तर सरासरीत साडेसहा लाख वर्षं फुकट वाढतात. प्रत्यक्षात बसाल्टमध्ये पोटॅशियम बरंच कमी असतं, म्हणून भेसळ जास्त लागेल, पण नदीकाठच्या राखेत भेसळ नसणं हेच आश्चर्य. "मग जुनं वय म्हणजे भेसळीचं वय?" मी विचारलं. "तसं एका बाजूचं म्हणणं आहे," तो म्हणाला. "दुसरी बाजू म्हणते, आम्ही भेसळ ओळखून बाजूला काढली आहे." ते बिल मी जपून ठेवलं आणि फिल्ममध्ये तसंच वापरलं, चहाच्या डागासकट. ॲनिमेशन करणाऱ्याने सांगितलेला आकडा ऐकल्यावर हा निर्णय आणखी सोपा झाला.

थरांचा भाग मात्र कोणा शास्त्रज्ञाकडून नाही, मोरगावच्या खालच्या अंगाला कऱ्हेकाठी शेती असलेल्या एका आबांकडून मिळाला. २०१९च्या सप्टेंबरात, २५ तारखेच्या रात्री, पुण्याकडे ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि कऱ्हेला पूर आला. नाझरे धरणातून सोडलेलं पाणी बारामतीत घुसलं, नदीकाठचे लोक रातोरात हलवले. उन्हाळ्यात जिच्यात क्रिकेट खेळतात ती नदी. त्या पुराने आबांच्या बांधाचा अर्धा भाग नेला आणि उरलेल्या रानावर हातभर गाळ टाकला. मी त्यांना राखेचं सगळं सांगितलं. चौदा लाख, पावणेसात लाख, पंच्याहत्तर हजार. त्यांनी ऐकलं आणि रानाकडे बोट केलं.

"ही माती कुठली सांगा."

"पुराची."

"पुराची न्हवं. वरच्या शिवारातली. पुरानं आणली. माती जुनीच हाय, पडली तेवढी नवी." मग काठाकडे वळून, जिथे पुराने खड्डा पाडला होता आणि त्यात वाळू भरली होती: "आन् हितं बघा. भवतीनं सगळी जुनी दरड, पोटात नवी वाळू. उद्या कोण आलं तर म्हणंल, वाळू दरडीएवढीच जुनी."

याला भूशास्त्रात पुनर्निक्षेपण म्हणतात आणि त्यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. राख आकाशातून पडली ती जागची राहिली की पावसाने धुऊन, ओढ्यांनी वाहून, नदीने जुन्या काठात कोरलेल्या घळीत भरली, यावर सगळा वाद फिरतो. राख पंच्याहत्तर हजारांची असली तरी तिच्या शेजारची दरड आठ लाखांची असू शकते. हत्यारं दरडीची, राख घळीची. मग दोन्ही बाजूंच्या मोजणीत खोट काढायची गरज उरत नाही; फक्त त्या दोन गोष्टींना एकमेकींच्या वयाच्या साक्षीदार मानायचं थांबवावं लागतं. आबांचं हे बोलणं मी एकाच शॉटमध्ये ठेवलं आहे, मध्ये विहिरीची मोटर चालू होते तो आवाजही काढलेला नाही.

आवाजाचा हा प्रश्न कायमचा. जिरायती भागात वीज येते तेव्हाच मोटरी चालतात, आणि वीज कधी येणार हे महावितरण ठरवतं. मुलाखतीचं वेळापत्रक त्यावर. चतुर्थीला मोरगावात भोंगे. पलीकडच्या रस्त्याने ट्रॅक्टर, त्यात गाणी. कॅमेरा काढला की पहिला प्रश्न, "कुठल्या चॅनेलचे?" दुसरा, "कुठल्या पक्षाचं?" बारामतीत कुठलीही गोष्ट विनापक्ष असते यावर लोकांचा विश्वास बसत नाही. राख असली म्हणून काय झालं.

पैशासाठी एका वाहिनीवाल्याकडे गेले होते. त्यांनी पाच मिनिटांचं चित्रीकरण बघितलं, उत्साहात आले आणि नावही सुचवलं: 'जगातला पहिला माणूस बारामतीचा'. मी म्हटलं, पहिला नाही हो, आफ्रिकेत याच धाटणीची हत्यारं साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची आहेत, आणि आपल्या तमिळनाडूत अतिरमपक्कमला शांती पप्पू यांनी २०११ला पंधरा लाखांचं वय दिलं आहे, ते तर राखेशिवाय, वेगळ्याच पद्धतीनं. ते म्हणाले, "ताई, प्रेक्षकाला अतिरमपक्कम उच्चारता येणार नाही." बोलणी तिथंच संपली. पण या सूचनेनं मला एक गोष्ट कळली. जुनेपणाचा आपल्याला सोस आहे. देऊळ जितकं जुनं तितकं जागृत, घराणं जितकं जुनं तितकं मोठं, आणि माणूस जितका जुना तितकं गाव थोर. चौदा लाखांना टाळ्या मिळतात, पंच्याहत्तर हजारांना मिळत नाहीत. खरं तर पंच्याहत्तर हजारांची गोष्ट काही कमी नाही. मायकल पेट्राग्लिया आणि कोरिसेट्टर यांनी आंध्रात ज्वालापुरमला याच राखेच्या खाली आणि वर, दोन्हीकडे हत्यारं दाखवली आणि २००७ साली म्हटलं की त्या महास्फोटानंतरही इथली माणसं टिकली होती. त्यावरही वाद आहेच. तिकडे ही राख खणून भांडी घासायच्या पावडरीत घालत. जगाच्या इतिहासातल्या एका मोठ्या आपत्तीनं कोणाचं पातेलं लखलखीत झालं असेल, हे मला वाहिनीवाल्यांच्या नावापेक्षा जास्त भारी वाटतं.

इंदापूरचा भाग फिल्ममध्ये मला हवाच होता. राख कऱ्हेतून नीरेत, नीरेतून भीमेत गेली असणार, या कल्पनेनं मी सोनगावचा संगम चित्रित केला, तसंच नीरा नरसिंहपूरचा घाट. माहेरी मात्र सगळ्यांचं एकच म्हणणं: "पळसदेवचं देऊळ घे ना, लोक तेच बघतात." उजनी धरण १९८०च्या सुमारास भरलं तेव्हा जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसनाथाचं देऊळ बाहेर येतं आणि माणसं होड्यांनी बघायला जातात. मीही गेले. चित्रीकरण अप्रतिम झालं: चिखलाला पडलेल्या भेगा, दगडी शिखर, पाठीमागे भिगवणकडून आलेले रोहित पक्षी. संकलन करणाऱ्या मित्राने ते बघून शिट्टी वाजवली, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "हे काढ. हे आलं की कोणी राखेकडे बघणार नाही." काढलं. आईला अजून राग आहे.

भीमेकाठी चित्रित केलेलं दुसरं काही मात्र ठेवलं. वाळू. नदीतून वाळू काढायची, ती संपली की काठ खरडायचा, मुरूम न्यायचा, वीटभट्टीला माती न्यायची. रात्री चालतं आणि दिवसा खड्डे दिसतात. मी कोणाची वाहनं टिपली नाहीत; त्यासाठी लागणारं धाडस माझ्यात नाही आणि फिल्मचा तो विषयही नाही. खड्डे टिपले. पुरातत्त्वाची भाषा घेतली तर प्रत्येक खड्डा म्हणजे कोणी नोंद न ठेवलेलं उत्खनन. वाद घालायला दोन्ही बाजूंना थर जागेवर लागतो. कोणत्याही देवळाला कुंपण असतं, किमान पाटी असते. नदीच्या काठाला कोण पाटी लावणार? आमच्या तालुक्यात जमीन सपाट करणं ही प्रगतीची पहिली खूण आहे, आणि ज्यांनी जिरायतीत दिवस काढले त्यांना याबद्दल बोल लावायचा हक्क मला नाही. तरी जेसीबी काठाशी लावलेला दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

फिल्म जोडताना मुख्य प्रश्न होता माझं मत सांगायचं की नाही. अनेक माहितीपट इथे हात झटकतात: दोन्ही बाजू दाखवतात, शेवटी सूर्यास्त आणि 'रहस्य कायम आहे'. मला ते अप्रामाणिक वाटतं. इतकं वाचल्यावर माणसाचं मत होतंच. माझं असं झालं की राख शेवटच्या स्फोटाची आहे. कणाकणाचं रसायन खोटं पाडणं अवघड. आणि हत्यारं तिच्यापेक्षा फार जुनी असावीत; चुंबकाची साक्ष आणि अतिरमपक्कमसारखी ठिकाणं बघता त्यात अशक्य काही नाही. म्हणजे दोन्ही पक्षांचा अर्धा-अर्धा शब्द घेतला, पण तडजोड म्हणून नाही. प्रश्नच दोन होते आणि एका मुठीत बांधले गेले होते. हे मी माझ्या आवाजात, एका मिनिटात, फिल्मच्या साधारण मध्यावर सांगितलं आहे. शेवटी ठेवलं असतं तर निकाल वाटला असता. मध्यावर ठेवल्यामुळे पुढच्या भागात प्रेक्षक मला तपासत बसतो, आणि ते मला चालतं.

पहिला खेळ इंदापुरात, एका सभागृहात. खुर्च्या बऱ्याच भरल्या होत्या. अर्धे लोक माहेरचे, उरलेले उजनी दिसेल म्हणून आलेले. दिवे लागल्यावर मागून एक गृहस्थ उठले, अंगानं पैलवान, वय साठीच्या पुढचं.

"ताई, एक विचारू? कुस्ती निकाली झाली का बरोबरीत सोडवली?"

सगळे हसले. मी म्हटलं, बरोबरीत नाही. एक कुस्ती निकाली झाली, दुसरी अजून चालू आहे, आणि आपण इतके दिवस दोन्ही एकच समजत होतो. त्यांनी जरा विचार केला. "मग पंच कोण?" मी म्हटलं, पंच कोणी नाही, नवीन पुरावा येईल तो. त्यांना हे पटलं नाही. पंचाशिवाय फड लावणं त्यांच्या मते चुकीचंच होतं, आणि चहा पिताना त्यांनी ते मला पुन्हा सांगितलं. त्यांच्या मागे एक शाळकरी मुलगी वही घेऊन उभी होती. तिला फक्त एवढंच विचारायचं होतं की राख इतक्या लांबून आली तर वाटेत समुद्रात का पडली नाही. पडली, म्हटलं, बंगालच्या उपसागराच्या तळाशी तिचा थर आहे, तिथून नळीने काढून तपासलाही आहे. तिने लिहून घेतलं.

तेव्हापासून एक नवीनच काम मागे लागलं आहे. लोक पांढरी माती घेऊन येतात. प्लास्टिकच्या पिशवीत, कागदाच्या पुडीत, एकदा तर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. "विहीर खांदताना लागली ताई, तुमच्या पिच्चरमधली हाय का बघा." मी राखेची तज्ज्ञ नाही, पण एक सोपी चाचणी सरांकडून शिकले आहे: संडास साफ करायच्या ॲसिडचा थेंब टाकायचा. चुनखडी असेल तर फसफसते, काच फसफसत नाही. आतापर्यंत सगळ्यांचं फसफसलं आहे. परवा काटेवाडीकडून आलेल्या एका काकांचंही फसफसलं. ते हिरमुसले, मग पिशवीची गाठ मारता मारता म्हणाले, "ही वरची हाय. खालची उद्या आणतो."